बसखालची ओल

गोविंदराव निफाडकर यांना राग आला की ते चष्मा काढीत, सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसत, पुन्हा नाकावर ठेवीत आणि एवढेच म्हणत, "धन्य आहे!" त्यात शिवी नसे, शाप नसे, सृष्टीच्या एकंदर कारभाराविषयीचा एक थकलेला अभिप्राय तेवढा असे. त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई म्हणत, "ह्यांचा चष्मा वाचून झिजत नाही, पुसून झिजतो." त्या वर्षीच्या मे आणि जून महिन्यांत दोहा शहरात तो चष्मा जितका पुसला गेला, तितका मागच्या सत्तावीस वर्षांच्या वास्तव्यात पुसला गेला नसेल.

गोविंदराव एका छोट्या कंपनीत नोकरीला होते. विजेवर चालणारी बस शाळांना चार आठवडे वापरून पाहू द्यायची, हा त्या कंपनीचा उद्योग. बस एकच होती, चार्जर एकच होता, आणि त्या दोहोंना घेऊन शाळेच्या दारी उभे राहणारे गोविंदरावही एकच होते. बसने शाळेच्या नेहमीच्या मार्गावर धावायचे, गोविंदरावांनी रोजची नोंद ठेवायची आणि महिनाअखेर शाळेच्या समितीने हो किंवा नको म्हणायचे, असा तो करार.

पहिल्या शाळेने नको म्हटले. कारण असे की, या बसचा आवाज होत नाही. आवाज होत नाही म्हणून मुलांना बस आल्याचे कळत नाही आणि मुले खाली उतरत नाहीत. "मग हॉर्न वाजवा," असे गोविंदरावांनी सुचवले. त्यावर त्या शाळेने, हॉर्नबद्दल शेजारी तक्रार करतात, असे उत्तर दिले. दुसऱ्या शाळेने नको म्हटले ते रंगावरून. बसचा पिवळा रंग शाळेच्या इतर बसगाड्यांच्या पिवळ्याहून किंचित फिकट होता आणि पालकांना ती बस परकी वाटत होती. गोविंदरावांनी दोन्ही वेळा चष्मा पुसला.

आता तिसरी शाळा, आणि तीच शेवटची. तिने नको म्हटले तर बस हमद पोर्टवर जहाजात चढून जिथून आली तिथे परत जाणार होती आणि तिच्या मागोमाग गोविंदरावांचा करारही संपणार होता. साठी दहा महिन्यांवर आली होती. यापुढे नवी नोकरी कोणी देणार नाही, हे त्यांना माहीत होते. परत जाण्याचे दुःख त्यांना नव्हते. नाशिकला घर होते, घरासमोर कडुनिंब होता. पण सत्तावीस वर्षांच्या परदेशवासाची समाप्ती एका 'नको'ने व्हावी, हे काही केल्या मनाला पटत नव्हते. रत्नप्रभाबाई अधिक व्यवहारी. त्यांनी अल सद्दच्या फ्लॅटमधली गॅलरीतली तुळस आधीच शेजारच्या पूर्णिमाकडे नेऊन ठेवली होती. "उद्या धावपळ नको," एवढेच त्या म्हणाल्या.

यंत्राशी गोविंदरावांचे नाते कानाचे होते. तरुणपणी नाशिकच्या एसटी डेपोत त्यांनी अकरा वर्षे काढली. तिथल्या वस्तादाने त्यांना शिकवले होते की स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला लावावे, मूठ कानाला लावावी आणि डोळे मिटावेत. इंजिन आपली व्यथा आपण होऊन सांगते. पुढे दोह्याच्या उत्तरेला, रास लफानच्या वायूप्रकल्पात, कामगारांच्या पाळ्यांच्या बसगाड्या त्यांच्याकडे आल्या. पहाटे चाळीस गाड्या एकदम सुरू होत आणि त्या कल्लोळातून ते एकीकडे बोट दाखवून म्हणत, "सव्वीस नंबरचा बेल्ट सैल आहे." तो सैल निघे. ती त्यांची विद्या होती, आणि विद्येचा असतो तसा तिचा त्यांना विनययुक्त अभिमानही होता.

या नव्या बसने त्यांचे श्रोत्रेंद्रियच निरुपयोगी केले. आपल्या नैयायिकांनी अनुमानाचा पाठ देताना पर्वतावरच्या धुराचे उदाहरण घेतले आहे. धूर दिसला की अग्नी असलाच पाहिजे. डिझेलची बस म्हणजे त्या पाठाची चालतीबोलती आवृत्तीच. धूर काळा की निळा, धडधड जड की हलकी, यावरून आतला सारा वृत्तांत कळे. या बसला धूर नाही, धडधड नाही, कंप नाही. ती चालू आहे की बंद, हेसुद्धा हात लावून कळत नसे. उरला तो एक काचेचा पडदा आणि त्यावरचे आकडे. गोविंदराव त्या आकड्यांपुढे बसत तेव्हा, मौनव्रत घेतलेल्या संन्याशाची नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखे ते दिसत.

तिसऱ्या शाळेत प्रारंभच वादाने झाला. प्रशासन सांभाळणाऱ्या मृणालिनीबाई मूळच्या पुण्याच्या, बोलण्यात चटपटीत आणि फोटोच्या बाबतीत दक्ष.

"निफाडकर सर, चार्जर मेन गेटपाशीच हवा. नेमप्लेटच्या खाली. इनॉगरेशनच्या फोटोत शाळेचं नाव यायला पाहिजे."

"बाई, बस दिवसभर मागच्या शेडमध्ये उभी असते. चार्जर तिथे हवा."

"मागे काय दिसतं? पाण्याच्या टाक्या!"

"बसला टाक्यांची लाज वाटत नाही."

"कमिटीला वाटते, सर."

"पण गेटपाशी पालकांच्या गाड्यांची गर्दी. दिवसा तिथे बस उभीच करता येणार नाही. म्हणजे चार्जिंग फक्त रात्री."

"मग रात्री करा ना! रात्री कोण नाही म्हणतंय?"

"धन्य आहे!" गोविंदराव म्हणाले आणि चष्मा काढला.

चार्जर गेटपाशी बसला. फीत कापली गेली, फोटोत शाळेचे नाव पूर्ण आले, गोविंदरावांचा अर्धा खांदा आला. आता चार्जरचे वीजपॅनेल उन्हात ठेवता येत नव्हते. गोविंदरावांनी दोन ओळींचा अर्ज दिला : पॅनेलसाठी गेटजवळ एक खोली हवी, थंड असावी, कुलपाची असावी. सकाळी अर्ज दिला आणि दुपारी खोली मिळाली. इतक्या तत्परतेने त्या शाळेत त्यांना दुसरे काहीच मिळाले नव्हते. खोली लहानशीच, पण एसी चांगला. भिंतीला खुंट्या होत्या, एका खुंटीवर विसरलेली कापडी पिशवी होती, आणि आरशाच्या कडेला तीन-चार टिकल्या चिकटवलेल्या होत्या. गोविंदरावांनी आरशाखाली टेबल लावले, पॅनेल बसवून घेतले आणि खुर्ची ओढून आकडे लिहायला घेतले.

आकडे पहिल्याच आठवड्यात रुसले. पहाटे बस पूर्ण भरलेली निघे. मुलांना शाळेत पोचवून सातला परत येई तेव्हा अडुसष्ट टक्के उरत. ते हिशेबात होते. मग साडेबारापर्यंत ती मागच्या शेडमध्ये स्तब्ध उभी. उभ्या बसने काय खावे? टक्का, फार तर दोन. पण दुपारी निघताना पडद्यावर आकडा दिसे एक्केचाळीस. पाच तासांत पंचवीस-सव्वीस टक्के कुठे गेले, याचा पत्ता लागेना. आणि दुपारची फेरी म्हणजे चव्वेचाळीस अंशांचे ऊन, भरलेली बस, पूर्ण वेगाने चालणारा एसी. परतीच्या वाटेवर आकडा पंधराच्या खाली गेला की बस आपोआप मंदावे आणि हवा कोमट होई. मुले घरी जाऊन सांगत, "मम्मा, द न्यू बस इज सो हॉट!" आई-वडिलांचे संदेश मृणालिनीबाईंकडे आणि मृणालिनीबाईंचे गोविंदरावांकडे येत.

संशयाला एकच स्थान होते : ड्रायव्हर इकबाल. आखातातले ड्रायव्हर उभ्या गाडीतही एसी चालू ठेवतात, हा सार्वत्रिक अनुभव. इकबाल पेशावरकडचा, पन्नाशीचा, मेंदी लावलेल्या दाढीचा, आणि बोलण्यात कमालीचा शांत. ती शांतताच गोविंदरावांना चिडवी.

"इकबाल, शेड में एसी चालू रखता है क्या?"

"नहीं साब. मैं बंद करके उतरता हूँ."

"कसम?"

"बंद करके उतरता हूँ, साब."

दुसऱ्या आठवड्यात गोविंदरावांनी एसीच्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर आडवी सही केली. दुसऱ्या दिवशी पट्टी गळून पायाशी पडलेली. त्यांनी इकबालला इतर ड्रायव्हरांसमोर उभे केले आणि ती पट्टी त्याच्या डोळ्यांसमोर धरली. इकबालने पट्टीकडे पाहिले, मग उन्हाकडे पाहिले.

"गरमी में गोंद नहीं टिकता, साब. और सील बटन पर लगाया था या मुझ पर?"

बाकीचे ड्रायव्हर हसले नाहीत, हे गोविंदरावांच्या ध्यानात आले. पण ध्यानात येऊनही ते पुढे गेले, कारण चिडलेल्या माणसाला थांबण्यासाठी लागणारी शक्ती त्या घटकेला त्यांच्यापाशी नव्हती.

तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी व्हायचे ते झाले. दुपारच्या फेरीत बस एका सिग्नलवर थांबली आणि पुढे हलेचना. सतरा मुले आत. डिझेलची बस पाठवून त्यांना हलवावे लागले. अकरा मिनिटे गेली. मुलांना काही झाले नाही, पण पालकांच्या व्हॉट्सॲप गटात त्या अकरा मिनिटांचा तास झाला आणि संध्याकाळपर्यंत सतराची पस्तीस मुले झाली. मृणालिनीबाईंनी फोनवर एकच वाक्य उच्चारले, "सर, पुढच्या आठवड्यात गुरुवारी कमिटी आहे. मी आता काय प्रेझेंट करू ते तुम्हीच सांगा."

गोविंदरावांच्या कंपनीचा व्यवस्थापक कौशिक हा बत्तीस वर्षांचा तरुण, दोन वर्षांच्या करारावर आलेला. तो गोविंदरावांना काका म्हणे आणि आदेश देई.

"काका, मला फक्त क्लीन डेटा पाहिजे. बसमध्ये फॉल्ट आहे की माणसात, ते शोधा. इन्शाल्ला माणसात निघेल."

"निघेल रे. पण कोणत्या?"

चौथ्या आठवड्याच्या सोमवारी, सकाळी दहाच्या सुमारास, पॅनेलच्या खोलीतला एसी बंद पडला. गोविंदराव पाच मिनिटे बसले. दहाव्या मिनिटाला त्यांच्या वहीचे पान घामाने ओले झाले. वीजवाला येईतो तास लागेल, असे कळले. जूनमध्ये सकाळी दहापासून दुपारभर उघड्यावर काम करू नये असा तिथला नियम आहे, आणि नियम चांगला आहे. पण तो कामाबद्दल बोलतो, वाट पाहण्याबद्दल बोलत नाही. गोविंदरावांनी मनातल्या मनात वीजवाल्याला, मृणालिनीबाईंना, फीत कापणाऱ्यांना आणि सूर्यनारायणाला यथाक्रम बोल लावले आणि सावली शोधत ते इमारतीच्या मागे गेले. चार आठवड्यांत या वेळी ते तिकडे प्रथमच जात होते. पहाटे बस निघताना आणि दुपारी निघताना ते शेडमध्ये असत. मधले पाच तास थंड खोलीत, आकड्यांसमोर.

शेडमध्ये नऊ बसगाड्या ओळीने उभ्या होत्या. सारे निःशब्द. त्यांनी सवयीने कान दिला. कानाला काही लागले नाही. मग दृष्टी खाली गेली. आठ गाड्यांखालची जमीन कोरडी, धुळीने पांढरी. नवव्या बसखाली, मागच्या चाकाशी, परातीएवढे पाणी साचले होते. वरून थेंब पडत होता. थांबे, पुन्हा पडे. दोन बुलबुल आणि पाच-सहा चिमण्या त्या पाण्याभोवती निवांत बसल्या होत्या. रोजच्या पाहुण्या असाव्यात, तशा निवांत.

गोविंदरावांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. एसी चालतो तेव्हाच त्याचे पाणी ठिबकते. धुरावरून अग्नी ओळखण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला पाण्यावरून थंडावा ओळखायला साठी गाठावी लागली. "सापडलास!" ते पुटपुटले. त्यांच्या मनश्चक्षूंपुढे मागच्या बाकावर पाय पसरून घोरणारा इकबाल स्पष्ट उभा राहिला. त्यांनी बसच्या दाराचे बटण दाबले.

आत नऊ बायका बसल्या होत्या. प्रत्येक बसबरोबर मुलांना चढवायला-उतरवायला एक मावशी असते. त्या साऱ्या मावश्या. पडदे ओढलेले. एक केरळची बाई घेवडा निवडत होती. नेपाळकडची एक, आवाज अगदी बारीक करून, फोनवर आपल्या लेकीची वेणी पाहत होती. फिलिपिन्सची एक वयस्क बाई सुजलेली पावले समोरच्या बाकावर ठेवून डोळे मिटून होती. आणि पुढच्याच बाकावर उदगीरकडच्या शशिकलाबाई, मांडीवर डबा घेऊन.

कोणी दचकले नाही. शशिकलाबाई म्हणाल्या, "साहेब, आत या न्हाई तर बाहेर थांबा. दार लावा तेवढं. गार हवा जायलीय बाहेर."

गोविंदराव आत आले आणि त्यांनी दार लावले. आपण आज्ञा पाळली, हे त्यांना मागाहून जाणवले.

"हे काय चाललंय इथे?"

"काय चालायचंय? बसलोत."

"कुणाच्या परवानगीनं? तुम्हाला कल्पना आहे का, या बसचा रोज पाव भाग इथे उभ्या उभ्या संपतो! चार आठवडे मी डोकं फोडून घेतोय!"

"मग बसायचं कुठं, साहेब? सातला पोरं उतरली की साडेबारापतुर आमाला काम न्हाई. खोलीवर जावं तर गाडी न्हाई. आमची खोली तर तुमीच घेतलीत."

"मी? कोणती खोली?"

"आरशाची."

खुंट्या, पिशवी, टिकल्या. चार आठवडे रोज पाच तास ज्या आरशात आपलेच कपाळ दिसत होते, त्याच्या कडेला कुणाची तरी टिकली आहे, हे डोळ्यांना दिसत होते आणि बुद्धीपर्यंत पोचत नव्हते.

"पैल्या दिशी आलोत तर तुमी टेबल-खुर्ची मांडून बसलेले," शशिकलाबाई डब्याचे झाकण लावत म्हणाल्या. "दारातून बघितलं अन् फिरलोत. म्हणलं, साहेबाचं काम मोठं असंल."

"मला सांगायचं नाही?"

"तुमी इचारलं न्हाई."

इतक्यात दार पुन्हा उघडले. इकबाल करक चहाचे, म्हणजे तिकडच्या दाट दुधाळ चहाचे, कागदी पेले दोन्ही हातांत सांभाळत पायरी चढला आणि गोविंदरावांना पाहून तिथेच थबकला. चहा सांडला नाही.

"बंद करके उतरता हूँ, हां?" गोविंदराव म्हणाले.

"बंद करके ही उतरा था, साब." त्याने एक पेला शशिकलाबाईंच्या हाती दिला. "चाबी छोड़के."

"चाबी छोड़के! धन्य आहे! अरे, पण याच गाडीत का?"

"डीजल वाली में बिठाऊँ तो इंजन चलाना पड़ता है, साब. आवाज ऑफिस तक जाती है, पाँच मिनट में फोन आता है, इंजन बंद करो. ये गाड़ी चुप रहती है. किसी को पता नहीं चलता."

दोन शाळांच्या समित्यांना या बसच्या मौनाची महती समजावता समजावता गोविंदराव थकले होते. ती महती पूर्णपणे जाणणारा पहिला मनुष्य हातात चहाचे पेले घेऊन समोर उभा होता, आणि त्याच्यावरच आपण सही केलेली चिकटपट्टी लावली होती. त्यांना इकबालचा राग आला, शशिकलाबाईंचा आला, मृणालिनीबाईंचा तर होताच. पण प्रत्येक राग फिरून त्या दोन ओळींच्या अर्जापाशी येऊन थांबत होता. शशिकलाबाईंनी एक पेला त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो घेतला, आणि ज्या विजेच्या नाशाबद्दल ते महिनाभर तळमळत होते तिच्याच गारव्यात बसून निमूटपणे प्यायला.

संध्याकाळी कौशिकचा फोन आला. सारे ऐकून त्याने सुस्कारा टाकला. तो आनंदाचा होता.

"ग्रेट, काका! म्हणजे बसमध्ये फॉल्ट नाही. ड्रायव्हर एरर. एक ओळ लिहा आणि खलास. बस क्लीन, आपण क्लीन."

"आणि इकबाल?"

"काका, ड्रायव्हर मिळतात हो."

"आणि त्या बायका?"

"त्यांचा उल्लेखच कशाला?"

फोन ठेवल्यावर गोविंदराव कोरा कागद घेऊन बसले. ती एक ओळ लिहिली की बस वाचत होती, त्यांचा करार वाचत होता आणि सत्तावीस वर्षांची अखेर 'हो'ने होत होती. रत्नप्रभाबाई कपाटातल्या जुन्या साड्या वेगळ्या करीत होत्या. वरकरणी आवराआवर, पण ती कशाची, ते दोघांनाही ठाऊक होते.

"काय एवढं घोटताय?"

"लिहायचं कसं, ते सुचत नाही."

"खोली मागितलीत तेव्हा अर्ज केवढा लिहिला होता?"

"दोन ओळींचा."

"तेव्हा कसं सुचलं?"

गोविंदरावांनी पत्नीकडे पाहिले. सदतीस वर्षांच्या संसारात या बाईने त्यांना एकदाही उपदेश केला नव्हता. ती फक्त प्रश्न विचारी, आणि ते फार वाईट असत. त्यांनी लिहिले : 'बस शेडमध्ये उभी असताना तिचा एसी नऊ महिला कर्मचाऱ्यांना बसण्यासाठी रोज पाच तास वापरला गेला, कारण त्यांची खोली माझ्या मागणीवरून पॅनेलसाठी घेण्यात आली आणि ती कोणाची, याची चौकशी मी केली नाही. चार्जर व पॅनेल मागच्या शेडमध्ये हलवल्यास खोली मोकळी होईल आणि बस दिवसाही चार्ज होईल.' खाली सही केली. या सहीला चिकटपट्टी लागली नाही.

गुरुवारी समितीपुढे तो कागद गेला. मृणालिनीबाईंनी तो आधी वाचला होता आणि दारातच त्यांना गाठून त्या कुजबुजल्या होत्या, "सर, हे सगळं रिपोर्टमध्ये कशाला? मला तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं!"

समितीत चौघे होते. एकाने विचारले, बस चांगली की वाईट, ते या कागदावरून कसे समजायचे? दुसऱ्याने विचारले, सिग्नलवरच्या अकरा मिनिटांची भरपाई कोण करणार? तिसरे गृहस्थ कागद टेबलावर आपटून म्हणाले, "मुख्य मुद्दा बाजूलाच राहतोय. ड्रायव्हरनं किल्ली सोडली. त्याच्यावर ॲक्शन काय?"

गोविंदरावांनी चष्मा काढला आणि पुसला. घाई केली नाही.

"कारवाई जरूर करावी," ते म्हणाले. "पण मग यादी क्रमाने घेऊ. पहिलं नाव माझं, खोली मी मागितली. दुसरं, ती मला कोणी दिली आणि कोणाची काढून दिली. तिसरं, खोली गेटपाशीच का लागली, म्हणजे चार्जर गेटपाशी कोणी बसवला. ड्रायव्हरचा नंबर चौथा येतो. सुरुवात माझ्यापासून करावी, माझी हरकत नाही."

चार्जर गेटपाशी कोणी बसवला, हे टेबलाभोवती सर्वांना ठाऊक होते. फीत कापतानाचा फोटो त्याच भिंतीवर लावलेला होता. चौथे सदस्य, आजवर एक शब्दही न बोललेले, त्या फोटोकडे पाहून खोकले. कारवाईचा विषय तिथेच राहिला. मग वीस मिनिटे इतर चर्चा झाली आणि निर्णय असा निघाला : सदर चाचणी सदोष परिस्थितीत झाल्यामुळे ग्राह्य धरता येत नाही. चार्जर मागच्या शेडमध्ये हलवावा. सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्यावर चाचणी पुन्हा चार आठवडे घ्यावी.

"म्हणजे हो की नको?" गोविंदरावांनी विचारले.

"म्हणजे पुन्हा, सर," मृणालिनीबाई म्हणाल्या. "यू शुड बी हॅपी!"

"धन्य आहे!"

घरी येऊन त्यांनी रत्नप्रभाबाईंना वृत्तांत सांगितला. अडीच-तीन महिन्यांनी पुन्हा तीच बस, तेच आकडे, तीच समिती, आणि अखेरीस पुन्हा तोच प्रश्न. हो नाही, नको नाही. माणसाला सुखाने हरूसुद्धा देत नाहीत. रत्नप्रभाबाईंनी सारे ऐकून घेतले.

"म्हणजे सप्टेंबरपर्यंत आपण इथे?"

"दिसतंय तसंच."

"मग पूर्णिमाकडून तुळस घेऊन येते. ती पाणी जास्त घालते," असे म्हणून त्या चपला घालून निघाल्यासुद्धा.

सुटी लागायच्या आधीच्या रविवारी चार्जर मागच्या शेडमध्ये आला, टाक्यांच्या शेजारी. पॅनेल भिंतीवर सावलीत चढले. गोविंदरावांनी आपले टेबल स्वतः उचलून खोलीबाहेर काढले. आरशाला आणि टिकल्यांना हात लावला नाही, खुंटीवरची पिशवी होती तिथेच ठेवली. शशिकलाबाईंनी खोलीत पाऊल टाकताच सांगितले की एसीची जाळी कुणी महिनाभर धुतली नाही, आणि बाईंच्या नजरेवरून तो कुणी कोण, ते स्पष्ट होते.

इकबालशी बोलायचे राहिले होते. तो केबल लावीत होता. गोविंदराव त्याच्यामागे उभे राहिले.

"इकबाल, वो पट्टी... गरमी से ही निकला होगा."

"मैंने उसी दिन बोला था, साब."

"बोला था," गोविंदरावांनी मान्य केले. "सबके सामने सुनाया मैंने तेरे को. माफी भी सबके सामने माँगूँगा."

"रहने दीजिए. सबको मालूम है." इकबालने केबल दाबून बसवली आणि पडद्याकडे मान केली. सकाळचे दहा वाजले होते. अडुसष्टवरून आकडा एकोणसत्तर झाला. बस आता रिकामी होती, बंद होती, आणि तिच्याखालची जमीन इतर आठ गाड्यांखालच्या जमिनीसारखीच कोरडी पडली होती. चाकाशी दोन बुलबुल उभे होते. ते त्या कोरड्या जागेकडे पाहत, मग मान वाकडी करून गोविंदरावांकडे पाहत.

"साब," इकबाल गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "इनकी कंप्लेंट आई है."

"धन्य आहे!" गोविंदराव म्हणाले, आणि बुलबुलांसाठी पाणी भरून टाकीखाली ठेवायला एखादे पसरट भांडे मिळते का, ते पाहायला शशिकलाबाईंच्या खोलीकडे गेले. दारापाशी थांबून त्यांनी आधी विचारले.